बोंडूंचा भिजलेला ढीग

माझ्या आजारपणाचा अनुभव मी यापूर्वी एकदा लिहिला आहे. शेतकी खात्याच्या एका साहेबांनी मागितला होता, शेतकऱ्यांना वाटायच्या पत्रकासाठी. दोन पानं लिहिली. औषध फवारताना अंगात सदरा घालावा, नाकाला फडकं बांधावं, हात धुवावेत, मी हे केलं नाही म्हणून मरता मरता वाचलो, वगैरे. अक्षर वळणदार. शेवटी एक संस्कृत सुभाषितसुद्धा टाकलं होतं.

आमच्या मंडळींनी ती पानं वाचली. वाचून पुन्हा मेजावर ठेवली आणि म्हणाल्या, "ह्येच्यात गुणाजी खंय असा?"

मी म्हटलं, पत्रक लहान आहे, सगळं मावत नाही.

"तुमी मावलात मगे."

तेव्हा आता दुसऱ्यांदा लिहितो आहे. सुभाषित नाही.

मी कोण

मी लाटंबार्से गावातला मराठी प्राथमिक शाळेचा मास्तर. शाळेची नोकरी, आणि वडिलांकडून आलेली डोंगरावरची काजूची बाग. गोवा घटक राज्य झाल्यानंतरचा तो दुसरा काजूचा हंगाम असेल. भाषेचा वाद त्याआधी नुकताच पेटून विझला होता, धुमसत मात्र होता. मी मराठीच्या बाजूचा. सभांना जायचो, भाषणं ठोकायचो. माझं ठरलेलं वाक्य होतं, "या डोंगरातला माणूस वाचायला शिकला तो मराठी शाळेमुळे!" टाळ्या पडायच्या.

गावात कुणाकडे सरकारी कागद आला की माझ्याकडे यायचा. खताची पिशवी, औषधाची बाटली, कोर्टाचं समन्स, सगळं मास्तर वाचणार. त्याच वर्षी काजूच्या ढेकण्यावर औषध फवारण्याचं मराठी पत्रक आलं होतं. ढेकण्या म्हणजे मोहोरातला रस शोषून तो जाळून टाकणारा किडा. ते पत्रक मी देवळाच्या मंडपात सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाचून दाखवलं. "फळ धरल्यावर फवारू नये. फवारलेली फळं खाऊ नयेत, हाताळू नयेत." एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आनी फवारला तर काय जाता?" मी त्याला म्हणालो, "बाबा, शहाण्याला शब्दाचा मार."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी मुलांना दरवर्षी शिकवत आलो आहे.

तो रविवार

फवारणी मोहोराच्या वेळी करायची असते. तेव्हा मी सभा करत हिंडत होतो. ज्यांनी वेळेवर फवारलं नाही त्यांची मी मंडपात चांगली टर उडवली होती, आणि माझ्याच बागेत ढेकण्या लागला. पहिल्या मोहोराची फळं कशीबशी आली. मागून फुटलेला मोहोर काळा पडायला लागला होता. एकाच झाडावर खाली पिकून पडणारी फळं, म्हणजे बोंडू, आणि वर नवा मोहोर, असं काजूचं असतंच. मला वाटलं, हा मागचा मोहोर तरी वाचवला नाही तर लोक मला हसतील. खरं कारण एवढंच.

गुणाजी आमच्याकडे दर हंगामाला येणारा गडी. दोडामार्गाकडचा, सिंधुदुर्गातला. बायकापोरांना घरी ठेवून अडीच-तीन महिने बागेतच खोपीत राहायचा. बोंडू तुडवावेत तर त्यानं. कातळात खोदलेलं कुंड आहे, त्यात बोंडू ओतायचे आणि अनवाणी पायांनी तुडवायचे. पहिला रस भट्टीवर जातो, त्याची हुर्राक, म्हणजे पहिल्या धारेची दारू, होते. तुडवून उरलेल्या चोथ्याची मोट बांधून वर दगड ठेवला की जो थेंब थेंब गळतो तो नीरो. तो गोड लागतो, घरोघरी पितात. तुडवणाऱ्यानं पहिला कोपभर, म्हणजे पेलाभर, नीरो प्यायचा, मग बाकीच्यांनी, अशी आमच्याकडची रीत.

कुंडावर एक जुनं झाड ओणवलेलं आहे. त्याच्या खाली आदल्या दिवशी वेचलेल्या बोंडूंचा ढीग होता, बिया काढून घेतलेला. मी पंप घेऊन त्या झाडाकडे गेलो तेव्हा ढीग मला दिसला. दिसला नाही असं मी पुढे कितीतरी लोकांना सांगितलं आहे. दिसला. पोत्यानं झाकावा असंही मनात आलं. पोतं खाली खोपीत होतं. कोण जाणार!

औषध पत्रकात लिहिलं होतं त्याच्या दुप्पट घातलं होतं, उशीर झाला म्हणून. ढवळायला काठी सापडेना, तर कोपरापर्यंत हात घालून ढवळलं. अंगात सदरा नाही, लुंगी गुडघ्यावर. वरून फवारा उडत होता आणि पानांवरून निथळून ढिगावर टपटप पडत होता. ढीग चांगला भिजला. मी स्वतःशी म्हटलं, शेवटी भट्टीवरच तर जायचा आहे. भट्टीच्या आगीत काय टिकतं?

आमच्या भागातल्या माणसाची ही जुनी समजूत. भट्टीवर चढलं की सगळं शुद्ध. किडलेले बोंडू, सडके बोंडू, मुंग्यांसकट बोंडू, काही म्हणून आम्ही वेगळं काढत नाही. पण मी शिकलेला. शास्त्र शिकवणारा. आणि भट्टीच्या आधी माणसाचे पाय लागतात, नीरो माणूस पितो, हे मला शिकवायला कुणी यायला नको होतं.

पाठीवर

दहाला फवारणी संपली. आंघोळ न करता मी सावलीत बसून भाकरी खाल्ली. गुणाजी आला, त्यानं ढीग कुंडात ओढला आणि तुडवायला लागला. मी बघत होतो.

अकराच्या सुमाराला माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. एप्रिलच्या उन्हात घाम येतोच, पण हा घाम वेगळा, न्हाऊ घालणारा. तोंडात पाणी सुटायला लागलं ते थांबेना. पोटात पीळ पडला. मग ओकारी. दंडाचं मांस आपोआप उडायला लागलं, कातडीखाली काहीतरी वळवळतं आहे असं. मी गुणाजीला हाक मारली ती मला नीट मारता आली नाही.

तो कुंडातून तसाच धावत आला. गुडघ्यांपर्यंत रसानं माखलेला. "मास्तर, काय झाला? अरे देवा महाराजा!" त्यानं मला पाठीवर घेतलं आणि डोंगर उतरायला लागला. तो काही पैलवान नव्हे, चाळिशीचा काटक माणूस. खाली रस्त्यापर्यंत अर्धा तास लागला असेल. वाटेत दोनदा टेकला.

तेवढा अर्धा तास मी शुद्धीत होतो. दोन शब्द बोलता येत होते. "पाणी" म्हणालो ते त्याला कळलं, त्यानं ओहोळावर थांबून पाजलं. तेव्हा "पाय धू" एवढं म्हणता आलं असतं. "तो ढीग तुडवू नको" एवढं म्हणता आलं असतं. ते माझ्या जिभेच्या टोकावर होतं आणि मी ते गिळलं. म्हटलं, आधी मला पोचवू दे, मग बघू. त्यानं पाय धुवायला थांबावं एवढाही दम मला नव्हता.

रस्त्यावर खनिजाचा रिकामा ट्रक मिळाला. ड्रायव्हर कोल्हापूरकडचा होता. मला बघून म्हणाला, "मास्तरांनी सकाळीच लावली व्हय!" गुणाजी त्याच्यावर खेकसला, "मेल्या, मास्तर घेणत नाय! उचल तेंका!" मला आत घातलं. ओरडा ऐकून मंडळी घरातून धावत आल्या, त्या बसल्या. गुणाजी म्हणाला, "तुमी जावा. मी ढीग संपवन टाकतंय, रस फुकट जायत."

आणि तो परत डोंगर चढला.

इस्पितळ

पणजीकडच्या मोठ्या इस्पितळात मला नेलं. फवारणी केली हे मंडळींनी सांगितलं, त्यामुळे माझ्या बाबतीत काही अडलं नाही. सुया टोचल्या, अंग साबणानं घासलं, कपडे पिशवीत भरले. उतारा म्हणून जे इंजेक्शन देतात त्यानं तोंड इतकं कोरडं पडतं की जीभ टाळूला चिकटते, आणि डोकं भलतीकडे जातं. त्या दुपारी मला वॉर्डाच्या भिंतीवर फळा दिसत होता. मी म्हणे पाढे घेतले. सात सक्कं बेचाळीसपर्यंत सगळा वॉर्ड माझ्यामागून म्हणत होता.

हे मला शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी सांगितलं. गोव्यातल्याच चोपड्याचे, नदीत मासे मारणारे, पायाला गळ लागून जखम चिघळलेली. सोमवारी सकाळी मी शुद्धीवर आलो तर ते उंडो, म्हणजे गोल पाव, चहात बुडवून खात होते. अर्धा मोडून मला दिला आणि हसून म्हणाले, "मास्तर, काल आमका तुमी बरी शाळा शिकयली. मागीर एकच धोशा लायलो. फळां धरल्यार फवारप ना, फळां खावप ना. आमी म्हळें, बाबा, हांगा फळां हाडटा कोण?"

इथे फळं आणतो कोण! वॉर्डातले दोघे-तिघे हसले. मीही हसलो. हातातला पाव तसाच ठेवून दिला.

एक प्रश्न

माझ्यावर उपचार करणारी डॉक्टर तरुण मुलगी होती, सासष्टीकडची. कोंकणीतून बोलायची. मी तिला हटकून शुद्ध मराठीतून उत्तरं द्यायचो, आजारपणातही माझा बाणा सुटला नव्हता. त्या सकाळी तिनं माझ्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितली, आणि विचारलं, "फवारताना तुमच्या वांगडा आनीक कोण आशिल्लो? वखद कोणाक लागलां?"

मी म्हणालो, "नाही. माझ्याबरोबर कोणीही नव्हते."

शब्द कळला नाही म्हणायची सोय नाही. वांगडा म्हणजे सोबत, वखद म्हणजे औषध, माझी आई रोज बोलायची ते शब्द. आणि सरळ अर्थानं मी खरंच बोललो होतो, फवारताना गुणाजी नव्हताच. अशी शब्दाची कसरत मला चांगली जमते, त्यावर तर मी भाषणं मारत होतो.

तिनं कागदावर लिहिलं आणि मला समजावून सांगितलं. तिला वाटलं असेल, मास्तर आहेत, यांना कळेल. म्हणाली, अंगात एक निरोप इकडून तिकडे जातो, स्नायूला सांगतो की आवळ. काम झालं की तो निरोप पुसायला शरीरात एक पदार्थ असतो. हे विष त्या पुसणाऱ्यालाच धरून ठेवतं. मी म्हणालो, म्हणजे फळ्यावर लिहीत जायचं आणि डस्टर बांधून ठेवायचं. ती खूश झाली. म्हणाली, अगदी तसंच. इंजेक्शन तेवढ्यापुरतं सांभाळून घेतं, पण नवं डस्टर तुमच्या पेशींनाच बनवावं लागतं. त्या लगेच कामाला लागतात, मात्र आपल्या चालीनं. आठवडे जातात.

ती गेल्यावर मी पडल्या पडल्या त्याचाच विचार करत राहिलो. पेशीला भीड नसते, मुर्वत नसते. विष आलं की ती लगेच बोंब मारते, घामातून, लाळेतून, ओकारीतून. जगातल्या कुठल्याही जिवाची हीच तऱ्हा, मग तो ढेकण्या असो की मास्तर. माझं सगळं अंग खरं बोलत होतं. खोटं बोलत होतं ते एकटं तोंड.

सोमवार दुपार, मंगळवार दुपार

सोमवारी दुपारी मंडळी डब्यातून पेज घेऊन आल्या. कुलेरीनं, म्हणजे चमच्यानं, मला भरवता भरवता म्हणाल्या, "तो गुणाजी काल सांजपासून खोपीत पडान असा. ओकता नुसतो. हुर्राक ढोसल्यान असतली, आनी काय. मी लिंबाचा पाणी दिलंय नेऊन."

भट्टीवरचा गडी एप्रिलात ओकत पडलेला. कुणालाही दुसरं काय वाटणार? मला मात्र तेव्हाच्या तेव्हा कळलं. 

मी म्हणालो, "हं."

एवढंच. हं. आणि पुढचा घास घेतला.

का, ते सांगतो. बोललो असतो तर ढीग सांगावा लागला असता. ढीग सांगितला की पत्रक आलं, मंडप आला, शहाण्याला शब्दाचा मार आला. गाव म्हणणार, मास्तरानं गड्याला विष तुडवायला लावलं. पोलीस येतील, नोकरी जाईल. विरोधातले लोक म्हणतील, बघा यांची मराठी शाळा! मी मनाची समजूत घातली की असेल, हुर्राकच असेल. माझ्या खाटेच्या उशाशी इंजेक्शनांचा ट्रे होता. नर्स दर थोड्या वेळानं येऊन मला टोचून जात होती. मी चोवीस तास हात पुढे करत होतो आणि गप्प होतो.

मंगळवारी मंडळी आल्या त्या घाबऱ्या झालेल्या. "गुणाजी काय बरो नाय हा. तेची मान वर उठणा नाय. हाक मारली तर नुसतो बघता."

माझ्या तोंडून निघून गेलं, "लाळ गळते काय? मांड्यांचं मांस उडतंय तसंच?"

त्यांनी कुलेर डब्यात ठेवली. माझ्याकडे बघत राहिल्या. "मांस उडता ह्या मी तुमका सांगूक नाय."

मी झनेलाकडे, म्हणजे खिडकीकडे, बघायला लागलो.

"तुमका कसा कळला?"

मी चादरीची कड सरळ केली.

"तुमी फवारलात तेवा तो ढीग थंयच होतो?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण माझ्या मनात तेव्हा उजेड-अंधार काही नव्हता, निव्वळ लाज होती. मी मान हलवली, जेमतेम. बाईनं डबा खाटेवरच टाकला आणि ती पदर खोचून डॉक्टरीणबाईंच्या खोलीकडे पळाली. पेज चादरीवर सांडली. चोपड्याचे आजोबा सगळं ऐकत होते. त्यांनी कूस बदलली आणि माझ्याकडे पाठ केली. नंतर मी घरी जाईपर्यंत ते माझ्याशी बोलले, पण पाव काही मोडून दिला नाही.

तेव्हा हे नीट लक्षात ठेवा, वाचणाऱ्यांनो. मी कबूल केलं नाही. तिनं माझ्याकडून काढून घेतलं.

पाय

संध्याकाळपर्यंत गुणाजीला आणलं. श्वास तोकडा पडत होता, कितीतरी दिवस त्याला यंत्रावर ठेवलं. मला तोवर उठता-बसता येऊ लागलं होतं. एके सकाळी त्याची बायको गावाहून आली. मी वऱ्हांड्यात खुर्चीवर बसलो होतो. ती आली ती सरळ खाली बसली आणि तिनं माझे पाय धरले. "मास्तरांनू, तुमी वळाखलात म्हणान माझो कुकू ऱ्हवलो." मी पाय मागे ओढले. तिला वाटलं, मोठ्या माणसाला संकोच वाटतो. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते तेव्हा समजलं.

झालं होतं असं. मंडळींनी गावात सांगितलं होतं की ह्यांनी इस्पितळातून ओळखलं, म्हणून गुणाजीला उचलला. मी त्यांना विचारलं, असं का सांगितलंत? भांडी घासत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्यासाठी नाय सांगलंय. पोरांका शाळेत जावचा असता." त्यानंतर बरेच महिने त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. जेवण वेळेवर, गरम, पण वाढून झालं की आत जायच्या. पूर्वी समोर बसायच्या.

गुणाजी वाचला. घरी गेला. दोन-तीन आठवड्यांनी त्याचे पाय बधिर व्हायला लागले, आधी बोटं, मग तळवे. चालताना पाऊल उचललं जाईना, जमिनीवर फट्कन आपटायचं. त्याला परत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, विष उतरल्यावरही कधी कधी असं होतं, लांबवर गेलेल्या नसा टोकापासून सुकत येतात. पुन्हा वाढतात, पण फार हळू, आणि सगळ्या वाढतीलच असं नाही. मी एकटा मागे थांबलो आणि विचारलं, "दोन दिवस आधी आणला असता तर?"

 त्यांना सगळं माहीत होतं. "सांगूंक जायना," म्हणाल्या. सांगता येत नाही.

मी सांगतो, हे वाक्य मी किती वापरलं. घरात, मनात, देवासमोर. दोन दिवसांनी काही बिघडलं असं डॉक्टरसुद्धा म्हणत नाहीत! पण तो ढीग काही दोन दिवसांचा प्रश्न नव्हता. पाय त्यानं त्या रविवारी सकाळी अकराच्या आधी घातले होते, माझ्या डोळ्यांदेखत.

माझ्या पेशींनी आपलं काम चोख केलं. पावसाळा लागेस्तोवर मी खडखडीत बरा. शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात गावानं माझा सत्कार ठेवला, प्रसंगावधान दाखवून गड्याचा जीव वाचवल्याबद्दल. शाल, श्रीफळ. मी नको म्हणालो, पण कसं म्हणालो? लोकांनी आणखी आग्रह करावा अशा बेतानं म्हणालो. मंडळी कार्यक्रमाला आल्या नाहीत. शाल अजून ट्रंकेत आहे, त्या तिला हात लावत नाहीत.

पुढच्यांसाठी

हे लिहायचं कारण, कुणाच्या उपयोगी पडावं. सदरा घालणं, हात धुणं पत्रकात आहेच, ते वाचा. त्यात नाही ते मी सांगतो. इस्पितळात तुम्हाला विचारतील, आणखी कुणाला लागलं का? तेव्हा नावं घ्या. झाडाखालून गेलेली बाई, पंप धुतलेला गडी, फळं वेचलेली पोरं, सगळ्यांची. अब्रू गेली तर जाऊ दे. ज्याला दारू चढली म्हणून बाजूला टाकलाय त्याचे डोळे बघा, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील तर उचला त्याला. आणि बरं होण्याच्या दिवसांत रडू येईल, चिडचिड होईल, हात कापतील, ते जातं. मला गेलं.

बाकीचं गेलं नाही.

चौथा हंगाम

गुणाजी दुसऱ्या वर्षी आला नाही. तिसऱ्या वर्षी काठी टेकत आला. तुडवणं त्याला जमणार नव्हतं, पायांना कातळ कळत नाही म्हणाला. मी त्याला बिया सोडवायला आणि भट्टीला लाकूड सारायला ठेवून घेतलं. मजुरी पूर्वीचीच दिली, आणि त्यासाठीही त्यानं हात जोडले.

चौथ्या हंगामात मंडळींनी ते विचारलं, ह्येच्यात गुणाजी खंय असा. दुसऱ्या दिवशी मी बागेत गेलो. शाळा सुटल्यावर, उजेड असतानाच. गुणाजी झाडाखाली बसून बिया पिळून काढत होता. पाय समोर लांब केलेले. मी त्याच्यासमोर खाली मातीत बसलो, तर तो गडबडला. "मास्तर, पोता घालतंय, थांबा."

"नको. बस. मला सांगायचं आहे."

सांगितलं. सगळं, क्रमानं, वर्गात सांगतो तसं. ढीग मला दिसला होता. पोतं आणलं नाही. तुझ्या पाठीवर होतो तेव्हा बोलता येत होतं. डॉक्टरनं विचारलं तर नाही म्हणालो. तू पडलायस हे कळल्यावर एक दिवस पेज खात गप्प बसलो. मी नाही ओळखलं तुला, माझ्या बायकोनं ओळखलं.

तो बिया काढायचा थांबला होता. बोंडूचा रस त्याच्या मनगटावरून ओघळत होता. मी वाट बघत होतो की तो शिवी देईल. खरं तर तीच मला हवी होती, मारलं असतं तरी चाललं असतं.

मनगट पुसून तो म्हणाला, "ढीग भिजलेलो माका ठावक होतो, मास्तर."

"काय?"

"वास येय होतो ना. ढेकणाच्या औषधासारको. पायांका चुरचुरला पण. एकदा मनात इला, भायर येवया." त्यानं हातातला बोंडू टोपलीत टाकला. "पण तुमी थंय भाकरी खाय होतात. मी तुमच्याकडे बघितलंय. तुमी माझ्याकडे बघितलात. म्हटला, मास्तर बघतत, तेंका वाचूक येता. वायट असता तर बोलले असते."